प्रतिसाद: जुना साठा आणि थर्मोस्टॅट

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या या चर्चेत ‘डबाबंद जुना मूळ भाग (त्या काळचा, न वापरलेला) मिळाला तर डोळे झाकून घ्या’ हे वर कोणीतरी लिहिलंय, ते धातूच्या भागांपुरतं पटतं. रबराचं तसं नाही. होज पाईप खोक्यात पडून राहिले तरी कडक होतात, वॉटर पंपाचं सीलही तसंच. पंप जुना मिळाला तर बॉडी ठेवावी. सील आणि बेअरिंग नवं टाकावं.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिनातलं पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेबद्दल, मात्र इथे कोणीच बोललं नाही. जग्वारच्या एक्सके इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत थर्मोस्टॅटला खाली एक स्लीव्ह (नळीसारखी बाही) असते. झडप उघडली की ही स्लीव्ह बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, भोक झाकते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं. त्या जागी साधा थर्मोस्टॅट अगदी बेमालूम बसतो, उघडण्याच्या तापमानाचा आकडाही तोच असतो. पण बायपास उघडाच राहतो आणि गरम पाणी थेट इंजिनात परततं, इंजिन तापतं. मग लोक बिचाऱ्या रेडिएटरला दोष देत त्याचा कोअर (आतला नळ्या-जाळीचा भाग) बदलत बसतात! म्हणून ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूचा फोटो मागवा. नुसत्या व्यासावर आणि अंशांवर जाऊ नका. स्लीव्हवाला मिळालाच नाही, तर बायपासच्या वाटेत बारीक भोकाची चकती बसवून प्रवाह कमी करता येतो. पूर्ण बंद मात्र करू नका, थंड इंजिनात पाणी फिरायला तीच वाट असते.