केबल बदलून उपयोग नाही, बस (डेटाची वाट) सामाईक आहे

धाग्यातला प्रश्न असा: रास्पबेरी पाय ३बी+ या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाला गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा, नेटवर्क वेग का मिळत नाही? त्यावरचा ‘पोर्ट गिगाबिट आहे, मग केबल किंवा स्विच बदलून बघा’ हा वरचा सल्ला या बोर्डाच्या बाबतीत पटत नाही. त्यावर इथरनेट (तारेचं नेटवर्क) आणि चारही यूएसबी पोर्ट एकाच चिपमागे आहेत, आणि ती चिप प्रोसेसरला एकाच यूएसबी २.० जोडणीने जोडलेली आहे. जोडणीचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. त्यातून इथरनेटच्या वाट्याला जास्तीत जास्त ३०० मेगाबिट येतात, हे बोर्ड आला तेव्हाच, २०१८ मध्ये, जाहीर केलेलं होतं. वाय-फाय एसडीआयओ या वेगळ्या जोडणीवरून जातं, म्हणून ते या भांडणात नाही.

पण धागाकर्त्याने यूएसबी हार्ड डिस्क लावून फाइल सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली ठेवायची-घ्यायची जागा) केलाय, तो मुद्दा चर्चेत राहूनच गेला. तिथे प्रत्येक बाइट त्याच वाटेवरून दोनदा जातो: इथरनेटकडून मेमरीत आणि मेमरीतून डिस्कवर. शिवाय यूएसबी २.० वर एका वेळी एकाच दिशेने डेटा जातो. मी घरी आधी डिस्कला हात न लावता आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने नुसतं नेटवर्क मोजलं, मग फाइल कॉपी केली. फरक लगेच दिसला. यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ (lsusb) या लिनक्स कमांडला ‘-टी’ (-t) जोडून चालवा, कोण कोणाच्या मागे आहे त्याची झाडासारखी मांडणी दिसेल. पाय ४ मध्ये इथरनेटला प्रोसेसरपर्यंत स्वतंत्र वाट आहे आणि यूएसबी ३ पीसीआय एक्सप्रेस या वेगळ्या, वेगवान जोडणीवरून येतं. फाइल सर्व्हरच हवा असेल तर खर्च केबलवर नको, पाय ४ वर करा.