मनाली-लेह: ३० च्या अ‍ॅव्हरेजवर हिशेब नको

मनाली-लेह बाईक ट्रिपबद्दल एकाने विचारलंय, "१५ लिटरची टाकी, ३० चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे ४५० किमी, मग पेट्रोलचा जादा कॅन कशाला?" ३० हा डांबरी रस्त्याचा आकडा आहे. सामान लादून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दगड-वाळू तुडवताना २२ धरा.

याच वाटेवरच्या टांडी गावाच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किमीवर असल्याची पाटी प्रसिद्धच आहे. ३६५ भागिले २२ म्हणजे १६.६ लिटर. त्सो कार तलावाकडे वळलात तर आणखी दोनेक लिटर. म्हणून टांडीला टाकी फुल आणि वर ५ लिटरचा कॅन हवाच. कार्ब्युरेटरवाली (म्हणजे जुन्या पद्धतीची, फ्युएल इंजेक्शन नसलेली) गाडी असेल तर जास्तच घ्या: विरळ हवेत मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), गाडी पेट्रोल पिते आणि स्पार्क प्लग काळा पडतो.

कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत पेट्रोल कृपा करून नेऊ नका, झाकणातून हमखास पाझरतं. कॅन इंधनासाठीच बनवलेला घ्या, वर थोडी जागा रिकामी ठेवा. उंचीवर आत दाब साठतो, त्यामुळे इंजिन गार झाल्यावर झाकण हळूहळू सैल करा. टाकीत ५ लिटरची जागा झाली की लगेच कॅन रिकामा करा, जाळीच्या नरसाळ्यातूनच. मागचं वजन उतरलं की वाळूत गाडी सावरणं सोपं जातं.