नवा ट्रॅक्टर ३४० तासांत ऑईल खायला लागला, शोरूमवाले इंजिन खोलू म्हणतात. खोलू द्यावं का?

माढ्याकडचा (प्रश्न)

जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला म्हणून थांबून दिवाळी पाडव्याला ट्रॅक्टर घेतला. ४५ एचपी, तीन सिलिंडर. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की निम्मे जण "दुसरा घ्यायचा होता" एवढंच सांगायला येतात.

पहिली सर्व्हिसिंग ५० तासांना, दुसरी २५० च्या आसपास. दोन्ही शोरूमलाच केल्या, पावत्या आहेत. दुसरीनंतर डिपस्टिक उतरायला लागली. सकाळी बघावं तर ऑईल खालच्या खुणेला टेकलेलं. गळती कुठंच नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीखाली तेलावर धूळ बसून असा थर झालाय की खरवडून काढावा लागतो. रोटाव्हेटर लावला की पहिल्यासारखा लोड घेत नाही, एक गिअर खाली टाकावा लागतो.

त्यांचा माणूस आला, वरून ऑईल ओतलं, "नवं इंजिन आहे, सेट होईल" म्हणाला आणि गेला. झालं काहीच नाही. आता शोरूमवाले म्हणतात गाडी आणून लावा, लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टनचं किट टाकून देतो, एक रुपया घेणार नाही. वॉरंटी २ वर्षं किंवा २००० तास आहे, त्यामुळे पैशाचा वाद नाही.

वाद घरात आहे. वडील म्हणतात नव्या गाडीचं इंजिन एकदा खोललं की ती जुनी झाली. मेहुणा म्हणतो गाडी त्यांच्या दारात उभी कर आणि दुसरी नवी घेऊनच ये. मला वाटतं निदान हाफ इंजिन (हेड सोडून ब्लॉकसकट खालचं इंजिन) तरी नवं मागावं. नांगरट तोंडावर आहे आणि जूनमध्ये बँकेचा सहामाही हप्ता आहे. काय करावं?

काळी माती, परभणी

माझ्या गाडीचा तिसरा गिअर सटकत होता, नवीनच होती. खोलून ठेवली आणि मग कळलं की पार्ट कंपनीकडून यायचाय. गाडी दोन तुकड्यांत शेडमध्ये, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने. म्हणून पहिलं हे, की किट आलंय का ते फोनवर विचारू नका, जाऊन खोकं बघा. मग गाडी न्या.

नेताना चारी बाजूंनी फोटो काढा. टायर, बॅटरीचा नंबर, टूलकिट, डिझेलचा काटा, सगळ्याचे. माझी टॉप लिंक आणि हुकाची पिन त्या मुक्कामात गायब झाली. कोणी नेली विचारायची सोय नाही.

पाना १४-१५

वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, आता घरी असतो. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, तीच सगळ्यात मोठी आहे. ऑईल कमी व्हायला लागलं ते दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर. त्या सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर (शोरूमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) एअर क्लीनरपुढे काय लिहिलंय?

नवं इंजिन इतक्या लवकर ऑईल खातं याची माझ्या बघण्यात तीन कारणं. पहिलं धूळ. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डला (इंजिनात हवा जाते त्या तोंडाला) जी रबरी नळी जाते तिचा क्लॅम्प ढिला राहिला, की हवा फिल्टरला वळसा घालून सरळ आत. आपल्याकडच्या रोटाव्हेटरच्या धुळीत शंभर तासांत लायनर खलास होतो. दुसरं, पिस्टनच्या रिंगा बसल्याच नाहीत. सुरुवातीचे तास नुसतं हलकं काम आणि चालू ठेवून उभी गाडी, यात रिंग लायनरवर दाबून घासत नाही आणि लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो. गुळगुळीत लायनरवर ऑईल धरत नाही, ते वर जाऊन जळतं. तिसरा खरा मालाचा दोष. एखादी रिंग तुटलेली, पिस्टनखाली ऑईल मारणारा जेट बंद, असलं काहीतरी.

हे का सांगतोय? तिन्हींत लायनर-पिस्टन किट तर पडतंच, पण वॉरंटीच्या कागदावर तीन वेगळे निकाल लागतात. धूळ निघाली की कंपनी "डस्ट एन्ट्री, ग्राहकाची निगा" असं लिहून हात वर करते. आज शोरूमवाला फुकट म्हणतोय. उद्या कंपनीने त्याचा क्लेम नाकारला की बिल तुमच्याकडे येईल, तेव्हा इंजिन टेबलावर उघडं असेल.

म्हणून खोलायच्या आधी ती नळी बघायची. तुम्ही स्वतः क्लॅम्पला हात लावू नका, नाहीतर "तुम्हीच सोडला होता" म्हणतील. त्यांच्या माणसाला सोडायला लावा, मोबाईल चालू ठेवा, आणि नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं पांढरं राहिलं तर धुळीचा विषय तिथंच संपला. मातकट निघालं तर क्लॅम्पला शेवटचा हात कोणाचा, ते जॉब कार्ड सांगेल. सर्व्हिसिंगला फिल्टर त्यांनीच काढून बसवला असेल तर निगा कोणाची कमी पडली?

हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरलं की तिन्ही लायनर बघा. नव्या लायनरवर तिरप्या फुलीसारख्या बारीक रेघा असतात. त्या तिन्हींत पुसल्या असतील आणि पिस्टनची वरची रिंग झिजून पातळ झाली असेल तर धूळ. एकाच सिलिंडरला उभे ओरखडे आणि बाकी दोन साफ, तर दोष त्या सिलिंडरचा. रिंगा शाबूत आणि भिंत चकचकीत, तर रिंगा बसल्या नाहीत. फोटो तिथल्या तिथं काढा, जुने लायनर-पिस्टन शोरूमवाला कंपनीला परत पाठवतो, नंतर दिसायचे नाहीत.

आता वडिलांना सांगा, लायनर बदलायचाच असतो, म्हणून तर तो ब्लॉकपासून वेगळा केलेला असतो. खोललं म्हणून गाडी मोडीत निघत नाही. वाईट खोललं तर निघते. आवारात, शेजारी वेल्डिंग आणि ग्राइंडर चालू, हेडचे बोल्ट अंदाजाने आवळलेले, असं असेल तर गाडी तिथे खोलू देऊ नका, कंपनीचं मोठं वर्कशॉप मागा. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) दिसली पाहिजे.

हाफ इंजिनबद्दल. धूळ निघाली तर मी पण हाफ इंजिनच मागेन, कारण ती धूळ ऑईलबरोबर बेअरिंगपर्यंत आणि ऑईल पंपापर्यंत गेलेली असते. नुसतं किट टाकून वरचं नवं, खालचं घासलेलं. एकाच सिलिंडरचं असेल तर किट पुरे. पण हाफ इंजिन म्हणजे बहुतेक ब्लॉक बदलणार, आणि इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तोच नंबर आरसीवर, विम्यावर आणि बँकेच्या कागदावर आहे. नंबर बदलला तर कंपनीचं पत्र घेऊन आरटीओत नोंद करून घ्या. लोक हे विसरतात आणि विकताना किंवा विम्याच्या वेळी अडकतात.

ऊसतोड बंद

एवढं कशाला? गाढवं जुंपा, गाडीला फ्लेक्स लावा, शोरूमपर्यंत मिरवत न्या. पत्रकार बोलवा. दोन दिवसांत इंजिन मिळतं का नाही बघा.

पाना १४-१५

मिळतं एखाद्याला. मग पुढची पावणेदोन वर्षं त्या गावात सर्व्हिसला कोण येणार? गाढवं शेवटी.

माढ्याकडचा

जॉब कार्ड काढलं. दुसऱ्या सर्व्हिसिंगला "एअर क्लीनर साफ, ओके" असं लिहून टिक केलंय, खाली त्यांच्या माणसाची सही. आणि पहिले ५० तास खरंच हलकेच गेले. ज्वारी-हरभऱ्याची पेरणी आणि पाण्याचा टँकर, भरेपर्यंत इंजिन चालू. शोरूमवाल्यानेच सांगितलं होतं, पहिले पन्नास तास लोड देऊ नका. मग यात मी काय वेगळं करणार होतो?

पाना १४-१५

काही नाही. हे शोरूमवाले सगळ्यांना सांगतात, अर्धवट सांगतात. ओव्हरलोड नको हे खरं, पण मध्यम लोड हवाच, आणि चालू ठेवून उभी करायची नाही. त्यांनी दिलेल्या पुस्तकात रनिंग-इनचं (नवी गाडी सुरुवातीला कशी चालवायची त्याचं) पान असतं. त्यात काय लिहिलंय त्याचा फोटो ठेवा. किट टाकल्यावर तेच ५० तास परत पाळायचे आहेत, आणि त्या ५० तासांनंतरचं ऑईल-फिल्टर त्यांच्या खर्चाने लिहून घ्या. ऑईल वॉरंटीत नसतं म्हणून तुमच्या माथी मारतील.

तालुक्याचा कागदवाला

मी ग्राहक तक्रारींची कामं बघतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

मेहुण्याचं "नवीच घे" शक्यतो होत नाही. दुरुस्त होण्यासारखा दोष असला की ग्राहक आयोग साधारण दुरुस्ती, बदललेले भाग आणि नुकसानभरपाई यावर येतो. अख्खी गाडी बदलून मागायची तर उत्पादनातच दोष होता हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये तपासणीसाठी माल प्रयोगशाळेत पाठवायची सोय आहे, पण इंजिन एकदा खोलून, धुऊन, नवं किट टाकून झालं की तपासायला उरतं काय? म्हणून वरचे फोटो वाटतात त्यापेक्षा महत्त्वाचे.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात चालते, शोरूमच्या गावी जायची गरज नाही. ५० लाखांपर्यंतचा माल जिल्हा आयोगाकडे. तुमची किंमत ५ ते १० लाखांत असेल तर फी २०० रुपये, ५ लाखांपर्यंत काहीच नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा, फुकट आहे आणि कंपनीच्या मुख्यालयापर्यंत जाते. नोटीस शोरूम आणि कंपनी दोघांना पाठवा, एकट्याला पाठवली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

भाड्याने नांगरट करता का? करत असाल तर कंपनीचा वकील "हा धंद्यासाठी घेतला, हा ग्राहकच नाही" म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. सात-बारा आणि चालवणारा कोण हे कागदावर असू द्या.

हप्ता मात्र भरा. बँकेचा कर्जाशी संबंध आहे, इंजिनाशी नाही. गाडी बंद आहे म्हणून हप्ता थकवला तर व्याज तुमचं, सिबिल तुमचं. गाडी बंद राहिल्याचं नुकसान तक्रारीत मागता येतं, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या पावत्यांसकट. पावत्या हं, तोंडी हिशोब नाही.

काळी माती, परभणी

आणि गाडी परत घेताना "काम समाधानकारक" असल्या छापील ओळीवर सही मागतात. गाडी रोटाव्हेटरला लावून बघेपर्यंत करू नका, किंवा "चालवून बघण्याच्या अटीवर" असं शेजारी पेनाने लिहा. माझ्याकडून घाईत सही घेतील म्हणून मी जॉब कार्ड खिशात घालूनच बाहेर आलो होतो, तेव्हा मॅनेजर पहिल्यांदा खुर्चीतून उठला.

माढ्याकडचा

वडिलांना तिरप्या रेघांचं वाचून दाखवलं. आता ते स्वतः हेड उतरताना उभे राहणार म्हणतात. मी शोरूमला आणि कंपनीच्या ईमेलला हे पाठवतोय, बघा काही राहिलंय का:

"ट्रॅक्टर वॉरंटीत असून दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर इंजिन ऑईल कमी होत आहे, निळा धूर येतो व ब्रीदरमधून तेल येते. कंपनीच्या इंजिनिअरने एअर क्लीनर व नळीची तपासणी करून कारण जॉब कार्डवर लिहून द्यावे, त्यानंतरच इंजिन खोलावे. बदलावयाच्या भागांची यादी, ते उपलब्ध असल्याची खात्री, कामाची तारीख, आणि दुरुस्तीत गेलेल्या काळाइतकी वॉरंटी वाढवून मिळेल का, हे लेखी कळवावे. इंजिन नंबर बदलल्यास आरटीओसाठी पत्र द्यावे. तोपर्यंत नांगरटीसाठी पर्यायी ट्रॅक्टर द्यावा."

पर्यायी ट्रॅक्टर देतील असं वाटत नाही, पण मागायला काय जातंय.

पाना १४-१५

मागा. डेमोचा ट्रॅक्टर शोरूमला उभाच असतो, एखादा मॅनेजर देतोही.

"तपासणी करून" च्या आधी "माझ्यासमोर" घाला. आणि आजच्या अवर मीटरचा आकडा आणि इंजिन नंबर पहिल्या ओळीत. ईमेल गेल्यावर तीच प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर सर्व्हिस मॅनेजरला टाका. निळी खूण आली की स्क्रीनशॉट.