मदत हवी आहे: जुलैमध्ये लोकलने लोहगड, सोबत आई आणि लहान मुलगी

शिवाजीनगरहून लोकलने मळवली, तिथून भाजे लेणी, लोहगड आणि जमल्यास शेजारचा विसापूर किल्ला, असा एका दिवसाचा बेत आहे. आई ६२ वर्षांची, जिना उतरताना तिचे गुडघे दुखतात. मुलगी ८ वर्षांची. गाडी नाही. मळवलीपासून चालत झेपेल का? विसापूर जोडावा का?

कातळवाट:
विसापूर आधी खोडा. पावसाळ्यात त्याची पायऱ्यांची वाट म्हणजे चक्क ओढा असतो. पाऊल कुठे पडतंय ते पाण्यात दिसत नाही. माथाही अवाढव्य. धुकं उतरलं की परतीची वाट सापडत नाही.

मळवली ते लोहगडवाडी (गडाच्या पायथ्याचं गाव) दीड-दोन तासांची चाल आहे, तीही बरीचशी डांबरी चढावाची. आईंचे गुडघे गडाआधीच बोलायला लागतील. स्टेशनबाहेरून रिक्षा करा, पण जाऊन-येऊन ठरवा. संध्याकाळी वाडीत रिकामी रिक्षा मिळेलच असं नाही.

वाडीपासून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत पायऱ्याच पायऱ्या. एरवी पाऊण तास लागतो, तुम्ही सव्वा तास धरा. पायरीचा मधला भाग वर्दळीने घासलेला असतो, शेवाळ धरतं ते भिंतीलगत. फोटोसाठी कडेला सरकणारे तिथेच आपटतात. उतरताना आधी काठी खालच्या पायरीवर, मग जास्त दुखणारा पाय, मग दुसरा. तळ गुळगुळीत झालेले बूट नकोत. छत्रीही नको, माथ्यावरचा वारा ती उलटी करतो.

मावळी_गडी:
शनिवार-रविवार टाळाच. अरुंद दरवाजांत चढणारे-उतरणारे समोरासमोर येतात आणि रांग जागची हलत नाही. पहिल्या लोकलपैकी एखादी पकडा. दुपारी लोणावळा-पुणे लोकलला मोठा खंड असतो, मळवलीला एक्सप्रेस थांबत नाहीत. परतीची वेळ आधीच बघून ठेवा. अतिवृष्टीत प्रशासन पर्यटनस्थळं बंद करतं, म्हणून आदल्या रात्री आदेश तपासा.

धागाकर्ता:
धन्यवाद. विसापूर रद्द. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या सोंडेसारख्या लांब माचीवर, मुलीला नेता येईल का?

कातळवाट:
पावसात नको. सोंडेवर जाताना छोटा कातळटप्पा उतरावा लागतो, तो ओला असतो आणि पुढे दोन्ही बाजूंना दरी. वरूनच बघा, माची तिथूनच पूर्ण दिसते. त्याऐवजी सोळाकोनी तळं आणि लक्ष्मी कोठी (कातळात कोरलेली गुहा) दाखवा. तळ्याच्या काठावर मुलीचा हात सोडू नका.

भाजे लेणी परतताना करा, आईंना पायऱ्या जमत असतील तरच. तिथल्या चैत्यगृहाच्या (बौद्ध प्रार्थनागृहाच्या) छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. मुलीला मान वर करायला सांगा.

मावळी_गडी:
खाऊ पिशवीत हातात धरू नका, माकडं हिसकावतात. सगळं सॅकमध्ये. वाडीत चढतानाच पिठलं-भाकरी सांगून ठेवा, उतरेपर्यंत तयार असते.