वॉशिंग मशीन घ्यायचंय: फ्रंट लोड, टॉप लोड की पुन्हा सेमीच? (सोलापूर, पाणी चार दिवसांआड)

स्टोअरकीपर_सोलापूर

मंडळी, नमस्कार.

आमचं सेमी ऑटोमॅटिक गेल्या गुरुवारी गेलं. २०११ च्या दिवाळीत घेतलेलं. धुवायचा टब अजून फिरतो, पण पिळायची बाजू आधी थरथरायची, मग जळका वास आला आणि आता नुसती गुरगुरते. मेकॅनिक म्हणाला, मोटार बदलून देतो, पण खालचा पत्रा गंजून पापड झालाय, तो उद्या हातात येईल. तेव्हापासून पिळायचं काम आम्ही दोघं करतो. चादरीचं एक टोक हिच्याकडे, एक माझ्याकडे. माझं वय ६४, हिचा उजवा खांदा धरलेला. असं किती दिवस काढणार?

दुकानात जाऊन आलो. तिथला पोरगा मला एआय समजावत होता, कपडे ओळखतं म्हणे. म्हटलं बाळा, आमच्याकडे पाणी किती दिवसांनी सुटतं ते ओळखतं का? तर हसला आणि ईएमआयचा कागद पुढे केला.

तर आमची परिस्थिती अशी. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, मुलगा, सून आणि माझी आई. आई ८६ वर्षांची, रोज नऊवारी. नळाला पाणी चार दिवसांआड, कधी पाच. ते हौदात घ्यायचं आणि मोटार लावून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवायचं. शेजारी बोअरची वेगळी ५०० लिटरची टाकी आहे, पण ते पाणी इतकं जड की बादलीला पांढरी कड धरते आणि साबणाला फेस येत नाही. मशीन वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत. आणि सोलापूर म्हटल्यावर चादरी आल्याच, घरात नऊ आहेत.

हिचं म्हणणं, सेमीच घ्या. त्यातलं साबणाचं पाणी पायपुसण्यांना आणि अंगणाला वापरता येतं. ऑटोमॅटिक ते सगळं गटारात सोडतं. सूनबाई म्हणते, फ्रंट लोड. मी एसटीत स्टोअर सांभाळलं, मला दोघींच्या मध्ये न सापडता काय ते आकड्यांत सांगा. बजेट ३० हजारांच्या आत.

पाना_पक्कड

काका, पिंपरीत २२ वर्षं मशीनं दुरुस्त करतोय. सगळ्या कंपन्यांची मशीनं माझ्याकडे रडत येतात, म्हणून कुठली चांगली ते विचारू नका. आयएफबीचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला, एलजीचा आपल्या रांजणगावला, म्हणून काही तुमच्या मोरीत जास्त चालत नाही कुणी.

तुमचा पहिला प्रश्न नळाचा आहे. टाकीतलं पाणी ज्या उंचीवरून नळाला येतं तोच दाब. १० मीटर उंचीला साधारण १ बार धरा. बऱ्याच फ्रंट लोडच्या पुस्तिकेत कमीत कमी ०.३ बार लिहिलेलं असतं, म्हणजे ३ मीटर. तुमची गॅलरी टाकीच्या अगदी खाली, तिथे तेवढी उंची मिळते का बघा. नाही मिळाली तर मशीन पाणी घेत बसतं, घेत बसतं आणि शेवटी एरर दाखवतं. गिऱ्हाईक मला फोन करतं, व्हॉल्व गेला. व्हॉल्वला काही झालेलं नसतं. कमी दाबावर चालणारी मॉडेलं पण येतात, पण आधी मोजा.

दुसरं, बोअर. फ्रंट लोडला बोअरची लाइन अजिबात जोडू नका. हीटरवर क्षाराचं कवच चढतं, चुना लावल्यासारखं, आणि एक दिवस हीटर उडतो. ड्रमच्या मागे तीन पायांचा अॅल्युमिनियमचा स्पायडर असतो, तो पण खराब पाण्यानं आणि उरलेल्या साबणानं खाल्ला जातो. तो तुटला की बेअरिंगसकट सगळं उघडायला लागतं, आणि मग मी जो आकडा सांगतो तो ऐकून माणसं खुर्चीत बसतात.

तिसरं, वॉरंटी. दुकानात बोर्ड असतो 'मोटारवर १० वर्षं'. मोटार जातेच कुठे सहसा? जातं ते कार्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. मागच्याच महिन्यात एकाला साडेसहा हजारांचं कार्ड बसवलं, मोटारीची वॉरंटी सात वर्षं शिल्लक. पूर्ण मशीनची वॉरंटी किती वर्षांची आहे आणि कार्ड त्यात येतं का, हे बिलावर लिहून घ्या. लाइट फार कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

आणि मशीन बसवायला माणूस आला की मागचे चार बोल्ट काढले का ते स्वतः बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून घातलेले असतात. ते तसेच ठेवून चालू केलं की मशीन गॅलरीभर नाचतं. हसू नका, वर्षाला दोन-तीन तरी बघतो.

ठाण्याची_मावशी

काका, सूनबाईंच्या बाजूने माझं मत. २०१६ पासून फ्रंट लोड वापरतेय, पण सुरुवातीची दोन वर्षं मीही शिव्याच देत होते, कारण ते कसं वापरायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. बादलीतल्या सवयीने पावडर टाकायचे चमचे भरभरून. फेस इतका व्हायचा की मशीन थांबून थांबून धुवायचं, आणि टॉवेल वाळले की पापडासारखे. आता लिक्विड, तेही अर्धं झाकण.

दाराच्या रबराच्या घडीत पाणी राहतं. धुणं झालं की फडकं फिरवायचं आणि दार किलकिलं ठेवायचं, नाहीतर पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरते आणि कपड्यांना ओलसट वास येतो. खाली उजवीकडे छोटं झाकण असतं, त्यात पंपाची जाळी. महिन्याला एकदा उघडा, पण आधी खाली ताट ठेवा. माझ्याकडे आतापर्यंत निघालेला ऐवज: अकरा रुपयांची चिल्लर, तीन हेअरपिना, एक पेनाचं टोपण आणि मिस्टरांच्या शर्टाचं बटण जे मी धोब्याने तोडलं म्हणून त्याच्याशी भांडले होते.

नऊवारीचं महत्त्वाचं. माझ्या सासूबाईही नऊवारीच नेसायच्या. लुगडं सुटं टाकलं की बाकीच्या कपड्यांना गुंडाळतं आणि त्याचा दोरखंड होतो. मग पिळताना सगळा गोळा एका बाजूला, मशीन धडधडतं आणि पिळायचंच थांबवतं. चार पदरी घडी घालून जाळीच्या पिशवीत टाका. एकटं लुगडंही टाकू नका, सोबत दोन-तीन टॉवेल हवेतच.

विजेचं म्हणाल तर साधा हिशेब. ड्रममध्ये १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला पाव युनिट लागतं, ६० वर न्यायला सहा दशांश. तुमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरची टाकी हीटरचं काम फुकटात करेल म्हणा.

जुळे_सोलापूर

अप्पा, मी गावातलाच. वहिनींचं ऐका की हो. सेमी घ्या, १२-१३ हजारांत काम. बिघडलं तर गल्लीतला पोरगा तासाभरात उघडतो, कार्ड नाही अन् काही नाही. पाणी पाहिजे तेवढं बादलीनं घाला, प्रेशर गेलं उडत. पाच दिवस पाणी आलं नाही तर ऑटोमॅटिकवाले काय करतात माहितीय का? मशीनचं दार लावून त्याच्यावर फुलदाणी ठेवतात.

ऑटोमॅटिक घ्यायचंच असलं तर दोन कामं करा. एक, पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिसला फोन लावा आणि विचारा, सोलापुरात तुमचा माणूस किती दिवसांत येतो. आमच्या साडूला एका कंपनीनं १९ दिवस झुलवलं, ते पण वॉरंटीत. दोन, उंदीर. टॉप लोडचा तळ उघडा असतो बऱ्याचदा, आमच्याकडे वायरिंग कुरतडून दोनदा बंद पडलं. खाली जाळी मारून घ्या.

स्टोअरकीपर_सोलापूर

सगळ्यांचे आभार. पाना_पक्कड, तुमचं वाचून दोरीला नट बांधला आणि उंच्या मोजल्या. टाकीच्या बुडापासून वरच्या गॅलरीतला नळ ८ फूट खाली. म्हणजे अडीच मीटरसुद्धा नाही. खालच्या मोरीतला नळ साडेअठरा फूट, साडेपाच मीटरच्या वर. खात्री म्हणून १५ लिटरची बादली दोन्हीकडे लावली: वर २ मिनिटं २० सेकंद, खाली दीड मिनिट. आई खाली ओसरीवरच असते, तिला घड्याळ धरायला बसवलं होतं.

मग पाणीही मोजलं. जुन्या मशीनच्या धुवायच्या टबात बादल्या ओतून, पिळण्यापुरतं मनाने धरून. एका घाण्याला नऊ बादल्या, १३५ लिटर! ही म्हणाली, त्यातल्या चार मी पुन्हा वापरते. बरोबर, पण वापरल्या तरी पाच गेल्याच की, म्हणजे ७५ लिटर. सात किलोच्या फ्रंट लोडच्या माहितीपत्रकात एका धुण्याला ५५ च्या आसपास आहे, आणि टॉप लोडला त्याच्या दुपटीच्या घरात, म्हणून टॉप लोड यादीतून काढला. आठवड्याला चार घाणे धरले तर २२० लिटर. तेवढं नळाचं पाणी आमच्या टाकीला परवडतं, बोअरला हात लावायची गरज नाही.

चादर वजन केली: वाळलेली १ किलो २०० ग्रॅम. आईचं लुगडं ७५० ग्रॅम. सात किलोत पाच चादरी बसायला पाहिजेत ना?

पाना_पक्कड

कागदावर बसतात, काका, ड्रममध्ये नाही बसत. ते किलो वाळलेल्या सुती कपड्यांचे असतात आणि तेही लांबलचक कॉटन प्रोग्रॅमला. क्विकला त्याच्या निम्मे पण टाकू नका. कपडे टाकल्यावर वर वीतभर जागा राहिली पाहिजे, कपडे उचलून आपटायला. सोलापुरी चादर पाणी पिऊन हत्ती होते. तीन टाका, शॉकअप दहा वर्षं टिकतील. पाच टाका, मग माझा नंबर घ्या.

मोरीत ठेवणार असाल तर खाली शहाबादी आहे का? ती कुठेच सपाट नसते. सिमेंटचा चार बोटं उंचीचा ओटा करून घ्या, स्पिरिट लेव्हल लावून. चाकांचा स्टँड नको. आणि १६ अँपियरचा पॉइंट, गिझरला असतो तसा, अर्थिंगसकट. मोरी म्हणजे ओल, पॉइंट वर घ्या.

ठाण्याची_मावशी

काकूंच्या साबणाच्या पाण्यावर उपाय आहे हो. बाहेरची नळी गटारात सोडायचीच कशाला? पंप पाणी साधारण मीटरभर उंच फेकतो. शेजारी पिंप ठेवा, २०० लिटरचं पिंप ९० सेंटीमीटरच्या आसपास असतं, नळी त्याच्या तोंडावर अडकवा. फक्त नळीचं टोक पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर पिंपातलं पाणी उलटं मशीनमध्ये ओढलं जातं.

स्टोअरकीपर_सोलापूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. घेतलं. सात किलोचं फ्रंट लोड, हीटर आहे, पूर्ण मशीनला चार वर्षं वॉरंटी, कार्डासकट, बिलावर दुकानाच्या शिक्क्यासह लिहून घेतलं. दुकानदार कुरकुरला, पण मी काउंटरवरून हललोच नाही. २८ हजार ७०० पडले, गवंडी आणि वायरमनचे ३,१०० वेगळे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथे दोन तट पडतील. दोन कंपन्यांत अडलो होतो, सर्व्हिसला फोन लावले. एकाने आमचा पिनकोड विचारून 'दोन दिवस' सांगितलं, दुसऱ्याने वीस मिनिटं गाणं ऐकवलं. निकाल तिथेच लागला.

बसवायला आलेल्या मुलाने तीनच बोल्ट काढले. मी म्हटलं चौथा? म्हणाला, तीनच असतात. मागे बॅटरी मारून दाखवला. काढलेले चारही पिशवीत घालून, वर तारीख लिहून, बिलाच्या फायलीला टाचलेत. घर बदललं तर लागतील.

तक्रारीही आहेत. कॉटनला अडीच तास लागतात, आई दर अर्ध्या तासाने विचारते, अजून झालं नाही का. मध्येच एखादा मोजा आठवला तर दार उघडत नाही. तीन चादरी टाकल्या तर बरोबर, चौथी सूनबाईने कोंबली त्या दिवशी पिळायला तीनदा अडखळलं. पण पिळलेली चादर दांडीवर टाकली की खाली थेंब नाही, आणि दुपारी दोनला टाकलेली चारला वाळलेली.

हीचं मत अजून राखीव आहे. पिंपाचा ताबा मात्र तिने घेतलाय.

जुळे_सोलापूर

अप्पा, अभिनंदन. पिंपाचं पाणी कशाला वापरता? झाडांना घातलं तर चालतं का?

स्टोअरकीपर_सोलापूर

पहिलं, साबणाचं पाणी संडासाला आणि अंगणाला. शेवटच्या खळबळीचं जरा बरं असतं, ते पायपुसण्यांना. कुंड्यांना नाही घालत. ही तुळशीजवळ फिरकूसुद्धा देत नाही ते पाणी.