मदत हवी आहे: मुलीच्या टोकाच्या भावना, हे वय की बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची (भावना, नाती आणि स्वतःची ओळख सतत अस्थिर राहण्याची) सुरुवात?

नमस्कार. माझी मुलगी 13 वर्षांची आहे. जरा सविस्तर लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. तिच्या जिवलग मैत्रिणीने मेसेज वाचला आणि दोन तास उत्तर दिलं नाही. सकाळपर्यंत जी बहिणीसारखी होती ती तेवढ्यात खोटारडी, मतलबी झाली. तिने दिलेलं मण्यांचं ब्रेसलेट लेकीने कात्रीने कापलं. मग उत्तर आलं, "अगं, झोपले होते." त्यानंतर ही फरशीवर बसून हुंदके देत कपाटाखालचा एकेक मणी वेचत होती. मी मदतीला वाकले तर "तू जा इथून." उठून दारापर्यंत गेले तर "जा, तुम्ही सगळे मला सोडूनच जाणार." रात्री जेवताना मात्र काही झालंच नाही अशी गप्पा मारत होती.

असं गेलं दीड वर्ष चाललंय. लहानपणीही ती एकदा रडायला लागली की शांत व्हायला इतर मुलांपेक्षा खूप वेळ लागायचा. पण आता ती म्हणते, "मी नक्की कोण आहे तेच कळत नाही, आत सगळं रिकामं आहे." दोन आठवड्यांपूर्वी तिच्या हातावर ओरखडे दिसले. मी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? (असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात ते भरतं हा गैरसमज आहे, विचारायलाच हवं.) ती म्हणाली, "नाही, फक्त आतलं थांबावंसं वाटतं." घरातली औषधं आणि धारदार वस्तू मी कुलपात ठेवल्या आहेत. बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे.

घरचे म्हणतात, वय आहे, निवळेल. एका समुपदेशकांनी सांगितलं, 18 वर्षांच्या आत बॉर्डरलाइनचं निदान होतच नाही. पण डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत तशी बंदी नाही. 9 लक्षणांपैकी किमान 5 हवीत, आणि मूल 18 च्या आतलं असेल तर ती किमान वर्षभर टिकलेली हवीत, अशी अट आहे. दुसरीकडे एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), नैराश्य, बायपोलर (मूड अतिउत्साह आणि नैराश्य अशा टोकांना जाणारा आजार), शाळेतला छळ किंवा कुणी केलेला अत्याचार, यातूनही वरवर असंच चित्र दिसू शकतं. बायपोलरमध्ये मूड दिवसच्या दिवस एकाच टोकाला राहतो, हिचा काही तासांत पालटतो, आणि बहुतेक वेळा कुणी दुरावल्यासारखं वाटलं की. म्हणून मी स्वतः कुठलाच शिक्का मारत नाहीये. पण थांबून बघत बसणंही मला पटत नाही.

एक गोष्ट मनाला फार लागली. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती विकसित करणाऱ्या मार्शा लिनेहान यांची मांडणी अशी की जात्याच अतिसंवेदनशील मूल आणि त्याच्या भावना सतत नाकारणारं वातावरण, या दोन्हींतून हा त्रास वाढत जातो. "एवढ्याशा कारणावरून केवढा तमाशा!" हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलंय. आता आधी "तुला खूप लागलंय ना" म्हणते, बाकीचं नंतर. कधी जमतं, कधी नाही.

ज्यांनी यातून मूल सांभाळलंय त्यांना विचारायचंय: पहिल्या भेटीत डॉक्टरांना काय सांगितल्याचा उपयोग झाला? मी तारीख, कशावरून बिनसलं, किती वेळ टिकलं आणि कशाने शांत झाली एवढं वहीत लिहितेय. आणखी काय टिपू? किशोरवयीन मुलांच्या डीबीटीत आईवडिलांनाही कौशल्यं शिकवतात, तो अनुभव कसा होता? तिच्या 9 वर्षांच्या भावाला काय सांगायचं? त्या दिवशी तो दाराआड उभा राहून सगळं बघत होता, आणि नंतर त्याला सापडलेला एक मणी त्याने गुपचूप माझ्या हातात ठेवला.