मदत हवी आहे: काळ्या पाइनचे कोंब या वर्षी कापू की नको?

जपानमधल्या चिबामध्ये राहतो, घरासमोर जुना कुरोमात्सु आहे म्हणजे काळा पाइन, जमिनीतलाच, बोन्साय नाही. उंची साधारण ३ मीटर, आधीच्या मालकांनी छान आकार दिलेला पण मधे दोन वर्षं कोणी हातच लावला नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये मी मोमिआगे केलं, म्हणजे जुन्या सुया हाताने ओढून काढल्या, ग्लोव्हज डिंकाने असे चिकटले की शेवटी फेकूनच दिले. शेंड्याकडे सुया कमी ठेवल्या, खाली जास्त. एप्रिलमध्ये मिदोरित्सुमि, म्हणजे वसंतातले नवे कोंब हाताने खुडणं, करायची होती, पण नेमके तेव्हा भारतात होतो.

आता जून संपत आलाय. शेंड्याचे कोंब १५ सेंमीच्या वर गेलेत, खालच्या आतल्या फांद्यांवर मात्र जेमतेम ३-४ सेंमी. मेकिरि, म्हणजे या वर्षीचा कोंब बुडातून कापायचा म्हणजे नवीन बारीक कोंब फुटतात, ते जूनअखेर ते जुलैमध्ये करतात आणि कमजोर कोंब आधी, जोरदार आठ-दहा दिवसांनी, एवढं माहितीये. पण ते सशक्त झाडालाच करतात ना?

माळ्याला बोलवायचं बजेट नाहीये, शिडी आणि चांगली कात्री आहे. जुनी फांदी सुया नसलेल्या जागी कापली तर तिथून परत फुटत नाही हे माहितीये, त्यामुळे तो सल्ला नको.

तर फक्त वरचे जोरदार कोंब कापून खालचे तसेच सोडले तर चालेल का, की या वर्षी नुसतं खत घालून मेकिरि पुढच्या वर्षी करू?